कोटितीर्थाचा चित्रकार

चित्रास विषय हवा म्हणून काश्मीरची वाट धरणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. परंतु मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरास परतलेल्या आणि शाहू छत्रपतींच्या दरबारी चित्रकाराचा मान लाभलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाकाठी बिऱ्हाड केले, आणि पाणी, झाडे व वरचे आभाळ एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर, १९३१ साली देह ठेवीपर्यंत, अशी दौलत उभी केली की महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाची हकीकत त्यांच्यावाचून सांगता येत नाही.

तलाव तोच, पण प्रातःकाळी धुक्यातून येणाऱ्या उजेडात वस्तूंच्या कडा विरघळून करड्या छटा तेवढ्या उरतात, माध्यान्ही छाया बुंध्याशी गोळा होतात, आणि सायंकाळी तिरप्या किरणांना वातावरणाचा अधिक दीर्घ पल्ला ओलांडावा लागत असल्याने त्यांतील निळा अंश वाटेतच विखुरला जाऊन तांबूस-पिवळा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. छाया काळी असते, हा तर निव्वळ शाळकरी समज! निरभ्र दिवशी उन्हाआडच्या जागेवरही आकाशाचा उजेड पडतच असतो, म्हणून चुना दिलेल्या भिंतीवरची सावली नीट न्याहाळली तर निळसर दिसते. पण भिंत पांढरी असल्याचा निवाडा मन आधीच देऊन मोकळे होते, आणि डोळ्यांची जबानी घ्यायची राहून जाते.

फ्रान्समध्ये क्लोद मोने याने १८९०-९१ च्या सुमारास जिव्हेर्नी येथील आपल्या घराजवळच्या गंजी पुनःपुन्हा रंगविल्या, आणि प्रकाश पालटला की हातचा कॅनव्हास बाजूस सारून तो दुसरा घेई. आबालालांना त्याच्या पंक्तीस बसविण्याची मला तरी गरज दिसत नाही. जवळच्याच जागेचा ध्यास एवढे साम्य पुरे आहे.

मोनेला तैलरंगात थरावर थर चढविण्याची सवड होती. आबालालांनी तैलरंगांबरोबर जलरंगही हाताळले, आणि पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. एकदा रंगाखाली गेला की तो सहसा परत मिळत नाही, आणि मावळतीचा देखावा तर पाहता पाहता पालटतो, तेव्हा पाण्यावरची चकाकी कोठे सोडायची हे कुंचला भिजविण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते.