निळा हात आणि फोनचा डोळा

पावसाळा तोंडावर आला की मोर्शी-वरूडकडच्या संत्र्याच्या बागांतून एक काम हमखास चाललेले दिसते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून तयार केलेले बोर्डो मलम झाडांच्या बुंध्यांना, जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत, फासले जाते. डिंक्या रोगाला आळा बसावा म्हणून हा उपाय करतात. काम आटोपेपर्यंत बुंधे निळे होतात आणि हातही निळे होतात.

आता समजा, तुमचे बाबा असे मलम लावत आहेत आणि धुऱ्यावर ठेवलेला मोबाइल वाजू लागला. हात धुवायला पाण्यापर्यंत जावे, तर तोवर फोन वाजायचा थांबतो. तसाच उचलावा, तर काचेवर मलम माखते. हातांत रबरी मोजे असतील (आणि ते असावेतच, कारण चुना कातडीला बाधतो), तर फोनचा पडदा बोटाला दादच देत नाही. याचे कारण असे की, पडद्याला बोटाचा दाब कळत नसतो. आपले बोट विजेचे वाहक आहे. ते जवळ आले की काचेखालच्या विद्युतभारात बारीकसा बदल होतो आणि तो बदल फोन टिपतो. मध्ये जाड रबर आले की हा बदल अगदी क्षीण होऊन जातो.

मग सहजच मनात येते की, फोनला समोरच्या बाजूने कॅमेरा आहे, म्हणजे एक डोळाच आहे. दुरून नुसता हात वर केला, तर ‘फोन घे’ एवढे त्याला कळू नये काय? बऱ्याच फोनमध्ये तळहात दाखवला की फोटो निघण्याची सोय असते, ती तुमच्यापैकी अनेकांनी वापरली असेल. म्हणजे फोनला हात ओळखता येतो. तर मग बागेतला निळा हात तो ओळखील काय?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी कॅमेऱ्याला काय दिसते ते पाहू. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरा. चेहरा नाहीसा होऊन नुसते ठिपके उरतात. फोनमधील चित्रही अशाच चित्रबिंदूंचे असते. फरक एवढाच की, प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे सांगणारे तीन आकडे असतात. चित्र ६४० बिंदू रुंद आणि ४८० बिंदू उंच असे लहानसे धरले, तरी बिंदू होतात ३,०७,२०० आणि आकडे ९,२१,६००. चलच्चित्रासाठी कॅमेरा सेकंदाला साधारण ३० चित्रे घेतो. म्हणजे दर सेकंदाला २ कोटी ७६ लाखांवर आकडे फोनपुढे येऊन पडतात. त्यांत ‘हात’ असा शब्द कोठेच लिहिलेला नसतो. आकड्यांच्या या ढिगातून हात वेगळा काढायचा, हे पहिले काम.

या कामी पूर्वी निरनिराळ्या युक्त्या योजल्या गेल्या. अमेरिकेतील मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ नावाचा प्रयोग केला. त्यात माणसाला उजळलेल्या पडद्यासमोर उभे करीत. पडदा उजळ आणि माणूस काळा, त्यामुळे त्याची आकृती यंत्राला सहज वेगळी काढता येई. पण हा पडदा शेतात कोठून आणणार?

दुसरी युक्ती एका भारतीय तरुणाने वापरली. प्रणव मिस्त्री हे मूळचे गुजरातमधील पालनपूरचे. मुंबईत पवईच्या आय. आय. टी. मध्ये त्यांनी औद्योगिक अभिकल्पाचे, म्हणजे वस्तू घडवण्याच्या आराखड्याचे, शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत संशोधन केले. त्यांचे ‘सिक्स्थ सेन्स’ हे उपकरण २००९ मध्ये गाजले. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्हैसूर येथील सभेत त्यांनी ते स्वतः करून दाखवले. गळ्यात एक लहान कॅमेरा आणि एक प्रक्षेपक, खिशात संगणकाचे काम करणारे उपकरण, आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर व तर्जन्यांवर रंगीत टोप्या! दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली की समोरचे छायाचित्र निघे. टोप्या कशासाठी? तर यंत्राला बोट शोधावेच लागू नये यासाठी. लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार रंग शोधले की चार बोटांचे ठिकाण मिळते. बोट ओळखण्याचे अवघड कोडे रंग ओळखण्याच्या सोप्या कोड्यात बदलून टाकले, ही त्यातील खरी चतुराई. अर्थात टोप्या घरी विसरल्या की सगळेच अडले.

टोपी नको असेल तर कातडीचाच रंग का शोधू नये? तसेही करून पाहिले गेले. लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांची अमुक ते अमुक अशी मर्यादा ठरवायची आणि तीत बसणारा प्रत्येक बिंदू कातडीचा मानायचा. ही पद्धत संगणकावर लिहायला फार सोपी आहे, म्हणून आजही अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती आढळते. पण तिच्यात दोष मोठे आहेत. लाकडी दार, विटांची भिंत, मातीचा ढेकूळ यांचे रंग कातडीच्या रंगाजवळ जातात, आणि यंत्र त्यांनाही हात समजते. उलट उन्हात रापलेला हात, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखालचा हात, हातमोजा घातलेला हात मर्यादेबाहेर पडतो. बोर्डो मलमाने माखलेला निळा हात तर या पद्धतीच्या लेखी हातच नव्हे!

आजच्या पद्धतीत नियम सांगण्याचे काम माणसाने सोडून दिले आहे. संत्र्यांची प्रतवारी करायला नवा मजूर आला की मुकादम त्याला व्याख्या सांगत बसत नाही. तो फळे उचलू लागतो आणि चुकले की मुकादम ते फळ दुसऱ्या ढिगात टाकतो. हळूहळू त्याची नजर बसते. यंत्रालाही असेच शिकवतात. हाताची हजारो चित्रे दाखवायची, उत्तर विचारायचे, आणि उत्तर चुकले की यंत्रातील हिशेबाचे आकडे किंचित हलवायचे. असे लाखो वेळा केले म्हणजे रंग बदलला तरी आकारावरून हात ओळखता येऊ लागतो.

गूगल कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘मीडियापाइप’ या नावाने सर्वांसाठी खुली केलेली पद्धत अशीच आहे, आणि ती साध्या फोनवर चालते. ती प्रथम हात शोधत नाही, तळहात शोधते. बोटे वळतात, मिटतात, एकमेकांआड जातात. तळहाताचा आकार मात्र फारसा बदलत नाही. तळहात सापडला की तेवढाच चौकोन कापून घेतात आणि त्यात २१ बिंदूंची ठिकाणे ठरवतात: मनगटाचा एक आणि प्रत्येक बोटाचे मुळापासून टोकापर्यंत चार. एकदा हात सापडला की पुढच्या चित्रात तो तेथेच आसपास असणार, म्हणून पुन्हा सगळे चित्र धुंडाळत नाहीत. हात हरवला तरच नव्याने शोध सुरू होतो. या शिकवणीसाठी सुमारे ३० हजार खऱ्या चित्रांवर माणसांनी हे २१ बिंदू खुणा करून दाखवले होते. शिवाय संगणकाने तयार केलेल्या हातांची चित्रेही वापरली होती.

बिंदू मिळाले की पुढचे काम शाळेच्या भूमितीचे. सांध्याशी होणारा कोन सरळ कोनाजवळ असला तर बोट ताठ, बराच लहान असला तर मिटलेले. पाच बोटे आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे २×२×२×२×२, एकूण ३२ खुणा! पण घाई करू नका. मूठ मिटा आणि फक्त अनामिका ताठ करून पाहा. बहुतेकांना ते जमत नाही. बोटे उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे अनामिकेला एकटे उठणे जड जाते. कागदावरच्या ३२ पैकी कामाच्या खुणा म्हणून थोड्याच उरतात.

आता निळ्या हाताकडे येऊ. आकारावरून शिकलेल्या यंत्राला तो ओळखता येण्याचा संभव बराच आहे, पण खात्री नाही. ज्या चित्रांवरून यंत्र शिकले, त्यांत तशा हातांची चित्रे होती की नाही, यावर ते अवलंबून असते. ही शंका पोकळ नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणकीय पद्धती तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. हा प्रयोग चेहऱ्यांचा होता, पण शिकवण्याची रीत तीच आहे. कष्टाने भेगाळलेले, एखादे पेर तुटलेले, रापलेले हात शिकवणीच्या चित्रांत नसतील, तर शेतावर यंत्र गोंधळणारच, आणि दोष मात्र ‘नीट हात दाखवला नाही’ म्हणून शेतकऱ्याच्या माथी येईल.

प्रकाशाचीही अडचण असते. अंधूक उजेडात पुरेसा प्रकाश जमावा म्हणून कॅमेरा एकेका चित्रासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत वेळ घेतो. हात सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने हलला, तर तेवढ्या वेळात तो २ सेंटिमीटर सरकतो. ही झाली बोटाच्या रुंदीएवढी सरक! दोन बोटांमधली फट पुसून जाते. दिवेलागणीला हात हलवून फोटो काढा, बोटांऐवजी धुरकट पंखा दिसेल.

एवढे सगळे साधले, तरी माझ्या मते खरा पेच पुढेच आहे. हात दिसला, खूणही ओळखली, पण ती फोनसाठी केली होती काय? आपण वऱ्हाडातली माणसे बोलताना हात स्वस्थ ठेवतो थोडेच! ‘काहून?’ विचारताना मनगट फिरते, ‘थांब’ म्हणताना तळहात उभा राहतो. फोनला यातले काय लागू? जरा हिशेब करू. यंत्र सेकंदाला ३० वेळा निर्णय घेते आणि दहा हजारांत एकदाच चुकते, असे माना. परीक्षेत हे गुण उत्तमच म्हणावे लागतील. पण १०,००० भागिले ३० म्हणजे ३३३ सेकंद. अर्थात दर साडेपाच मिनिटांनी फोन काहीतरी भलतेच करील. यावर उपाय म्हणजे खूण लागोपाठ १५ चित्रांत दिसली तरच ती मानायची. चुका कमी होतात, मात्र अर्धा सेकंद वाट पाहावी लागते. (लागोपाठची चित्रे एकसारखीच असल्याने एकातली चूक दुसऱ्यातही येते, म्हणून येथे संभाव्यतांचा सरळ गुणाकार करता येत नाही, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे.)

तळहात दाखवून फोटो काढण्याची सोय रुळली ती याचमुळे. तेथे कॅमेरा आधीच उघडलेला असतो, माणूस फोनकडेच पाहत असतो, आणि चूक झालीच तर एक फोटो वाया जातो, एवढेच. बागेतल्या फोनला मात्र तुमच्या हातासाठी सतत डोळा उघडा ठेवावा लागेल. त्यात बॅटरी जाते, आणि घरातले सगळे दिसत राहते ते वेगळेच. अँड्रॉइड फोनवर २०२१ पासून, आयफोनवर २०२० पासून, कॅमेरा चालू असला की पडद्याच्या वरच्या कडेला हिरवा ठिपका येतो, तो पाहण्याची सवय ठेवा. फोन वाजतो तेवढ्याच वेळापुरता कॅमेरा उघडला, तर हे दोन्ही प्रश्न बरेच हलके होतात. बाबांच्या कामाला तेवढे पुरेही आहे.

काही कंपन्यांनी कॅमेरा टाळूनही पाहिला. सॅमसंगच्या २०१३ मधील एका फोनमध्ये हाताची हालचाल अवरक्त किरणांनी टिपली जाई. गूगलच्या २०१९ मधील ‘पिक्सेल ४’ मध्ये चिमुकले रडार होते. त्याच्या लहरींची वारंवारता ६० गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ५ मिलिमीटर. रडारला अंधाराची पर्वा नाही आणि चेहराही दिसत नाही. पण या लहरी वापरण्याची मोकळीक आपल्याकडे नसल्याने तो फोन भारतात विक्रीला आलाच नाही.

हाताच्या खुणा ओळखणारा कार्यक्रम तयार करून ‘आम्ही मूकबधिरांची भाषा संगणकाला शिकवली’ असे प्रकल्पाच्या फलकावर लिहिलेले कधीकधी दिसते. यात गफलत आहे. सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे. तिच्यात हाताची जागा, गती, भुवया आणि चेहरा यांनाही अर्थ असतो. शिवाय अमेरिकेतील सांकेतिक वर्णमाला एका हाताची आहे, तर भारतातील इंग्रजी अक्षरांच्या बहुतेक खुणा दोन हातांच्या आहेत. दोन हात एकमेकांत गुंतले की निम्मी बोटे कॅमेऱ्याआड जातात. असा प्रकल्प करायचा असेल तर सांकेतिक भाषा बोलणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. एका अक्षराची दोन हातांची खूण करून तिचे पाच सेकंदांचे चित्रण करा, १५० चित्रे एकेक करून पाहा, आणि दहाही बोटांची टोके किती चित्रांत दिसतात ते मोजा.