कंपासपेटीत मावणारी प्रयोगशाळा

या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना प्रयोगाची कृती पटकन निघून जाते, मग ऐकणाऱ्याला तीच जागा चार वेळा मागं घ्यावी लागते. म्हणून कृतीचा भाग इथं जरा सावकाश लिहिलाय.

आधी एक प्रश्न. दहावीत भिंगाची किरणाकृती किती वेळा काढली? मी तर पंचवीसेक वेळा काढली असेल. आणि भिंग हातात किती वेळा धरलं? एकदाही नाही! कपाटात होतं, पण कपाटाला कुलूप होतं. प्रात्यक्षिकाची वही आम्ही मागच्या वर्षीच्या पोरांच्या वहीवरून उतरवली, वीस मार्कांचं प्रात्यक्षिक पार पडलं, विषय संपला.

आता मी गेवराईत दहावीच्या पोरांची शिकवणी घेतो. इथं अडचण नुसत्या कुलपाची नाही. दिवाळी झाली की आपल्या भागातली किती घरं ऊसतोडीला जातात हे तुम्हाला सांगायला नको. आईवडील टोळीबरोबर निघाले की काही लेकरं आजीपाशी राहतात, काही कोप्यावर जातात. प्रयोगशाळा कितीही चांगली बांधली तरी ती गाडीत बसून त्यांच्याबरोबर जात नाही. म्हणून मी स्वतःला एक अट घालून घेतली: प्रयोगाचं सगळं सामान कंपासपेटीत मावलं पाहिजे, फार तर सोबत एक पिशवी.

ही कल्पना माझी नाही

१९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत एक उपक्रम सुरू झाला. पोरांनी पुस्तक पाठ करायचं नाही, प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढायचा. १९७८ च्या सुमारास पुण्यात टेल्कोत काम करणारा, आयआयटी कानपूरमधून शिकलेला एक तरुण इंजिनिअर तिथं गेला. आठवडी बाजारात मिळणाऱ्या आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्यानं भूमितीचे आकार बनवले. ते अरविंद गुप्ता. पुढं २००३ ते २०१४ ते पुण्याच्या आयुकामध्ये, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी, पुस्तकं, व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही भरपूर आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रमही याच वाटेवरचा: हातानं काम करत शिकायचं.

आता माझ्या कंपासपेटीतले तीन प्रयोग.

पहिला: सेलवर फिरणारी मोटार

सामान: दीड व्होल्टचा एक जाड सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक आणि मीटरभर वार्निशची तांब्याची तार. तार कुठं मिळेल? मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. तिथं तुकडे पडलेलेच असतात.

तार सेलभोवती आठ-दहा वेळा गुंडाळून कडं करा. दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढा. आता मुख्य काम. एका टोकाचं वार्निश ब्लेडनं चारी बाजूंनी खरवडा. मग कडं उभं धरा आणि दुसऱ्या टोकाचं वार्निश फक्त वरच्या अर्ध्या बाजूचं खरवडा. खालची अर्धी बाजू तशीच ठेवायची. सेफ्टी पिना रबरी पट्टीनं सेलच्या दोन टोकांना घट्ट बसवा. चुंबक मधोमध सेलवर ठेवा, कडं पिनांच्या भोकांत अडकवा आणि बोटानं हलकी टिचकी मारा. गरगर फिरायला लागतं.

दर वेळी कोणीतरी दोन्ही टोकं पूर्ण खरवडतं. मग कडं नुसतं मागंपुढं हेलकावतं आणि पोरगं म्हणतं, “सर, माझी बिघडली.” मी म्हणतो, बिघडली नाही बाबा, खरा धडा तर हाच आहे! कडं अर्धा फेरा फिरलं की त्याच्या बाजू उलट्या होतात आणि चुंबकाचं बल त्याला मागं ओढायला लागतं. अर्ध्या बाजूला वार्निश ठेवलं की नेमका त्याच अर्ध्या फेऱ्यात प्रवाह बंद होतो. कडं आपल्या वेगानं पुढं जातं आणि पुन्हा ढकललं जातं. पुस्तकातल्या मोटारीत जो दोन अर्ध्या कड्यांचा भाग असतो, तो प्रवाह बंद न करता उलटा करतो. काम तेच: बल एकाच दिशेनं फिरवत राहिलं पाहिजे.

दोन सूचना. सेल लवकर तापतो, म्हणून अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. आणि हा प्रयोग घरातल्या बोर्डावर कधीही, म्हणजे कधीही करायचा नाही.

दुसरा: आजोबांचा चष्मा

आजोबांचा जवळचं वाचायचा चष्मा घ्या. आधी विचारून घ्या! अंधाऱ्या खोलीत उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ एक काच धरून पुढंमागं करा. एका अंतरावर बाहेरच्या झाडाचं उलटं, छोटं चित्र भिंतीवर उमटतं. काचेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते साधारण ५० सेंटिमीटर भरलं तर १ भागिले ०.५ म्हणजे २ डायॉप्टर. चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहिलेला +२ नंबर तो हाच. तीन मार्कांचं ते सूत्र आजोबांच्या नाकावर बसलंय हे कळलं की पोरं ते विसरत नाहीत. सूर्याचं चित्र मात्र कागदावर घेऊ नका, कागद पेटू शकतो. भिंगातून सूर्याकडं तर अजिबात बघायचं नाही.

मोबाइल हातात आहेच, तर हेही करा. पांढऱ्या स्क्रीनवर बोटानं पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाच्या भिंगातून लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. म्हणजे स्क्रीनवर पांढरा रंग नाहीच! झालं की थेंब पुसून टाका.

तिसरा: दगड, दोरा आणि स्टॉपवॉच

दोऱ्याला दगड बांधून टांगा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. थोडंसंच हेलकावू द्या आणि वीस पूर्ण झोक्यांचा वेळ मोबाइलवर मोजा. साधारण ४० सेकंद येतात. ४० भागिले २० म्हणजे एका झोक्याला २ सेकंद. चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले या वेळेचा वर्ग. उत्तर ९.८ च्या आसपास येतं. पृथ्वीचं गुरुत्व तुम्ही दोऱ्यानं मोजलंत!

एकदा एका मुलीचं उत्तर १०.९ आलं. तिनं वहीत खोडून ९.८ लिहिलं. मी विचारलं, का खोडलंस? म्हणाली, “सर, चुकलं ना.” मग आम्ही पुन्हा मोजलं, तेव्हा कळलं की दगड सोडतानाच ती ‘एक’ म्हणत होती. म्हणजे झोके एकोणीस आणि भागाकार विसानं. मोजायला ‘शून्य’पासून सुरुवात केली आणि आकडा जागेवर आला. मला विचाराल तर त्या दिवशी तिला ९.८ पेक्षा मोठं काहीतरी सापडलं. उत्तर चुकलं तर खोडायचं नाही, कुठं चुकलं ते शोधायचं. वही उतरवून आम्हाला हे कधीच कळलं नव्हतं.

आणि कोप्यावरची मोटार

मागच्या हंगामात एक पोरगा टोळीबरोबर गेला. पुस्तकांबरोबर हे सामानही घेऊन गेला. महिन्याभरानं त्याच्या वडिलांच्या फोनवरून व्हिडिओ आला. कोप्यापुढं उसाच्या पाचटावर सेल ठेवलाय, कडं फिरतंय आणि भोवती सात-आठ लहान लेकरं बसलीत. हा त्यांना सांगतोय, “अर्धीच बाजू खरवडायची, नाहीतर हेलकावतंय.” शाळा सुटल्याचं नुकसान एका मोटारीनं भरून येत नाही, तसा दावा मी करणार नाही. पण परत आल्यावर ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्याला तो घाबरला नाही, एवढं नक्की.

जाता जाता एक काम देतो. गेवराई साधारण १९.३ अक्षांशावर आहे. त्यामुळे १६-१७ मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात बाराला नाही हं, साडेबाराच्या जरा अलीकडं. कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहोत. मेमध्ये टोळ्याही घरी आलेल्या असतात. अंगणात एक काठी उभी करा, घरातल्या सगळ्यांना बोलवा, आणि सावली गेली की व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात लावतो. भेटू!