बंब कुणाच्या पैशाचा?

झुरिचहून

"तिकडचे लोक शिस्तीचे, म्हणून कारभार चोख," असं काका फोनवर दरवेळी म्हणतात. काका, शिस्त पाहायची तर ट्रेनमध्ये. परवाच्या गावसभेत मला तरी दिसली नाही.

झुरिच कँटनमधल्या आमच्या गावची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. मी इथला नागरिक नाही, त्यामुळे मला कडेचा वेगळा बाक. विषय होता अग्निशामक दलाचा नवा बंब. "जुन्याला काय धाड भरलीय?" या अर्थाचं काहीतरी एक आजोबा गरजले. मग पाऊण तास पंप, टायर, शिडीची लांबी आणि टोमणे. शेवटी हात वर झाले, मोजले गेले, बंब मंजूर. पुढचा विषय गावचा करदर दोन टक्क्यांनी वाढवण्याचा. कुरकुरत तोही त्याच हातांनी मंजूर!

मेख इथं आहे. स्वित्झर्लंडमध्ये आयकर तिघं घेतात: संघराज्य, कँटन आणि गाव. गावचा दर गावच ठरवतं. खिशात हात घालायचा म्हटल्यावर माणूस शिडीची लांबीही विचारतो.

आमच्याकडे पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली. गेल्या खेपेला गावी होतो, तेव्हा ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली आणि मग शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरला. आईनं चहा गाळता गाळता सही केली. विषय विचारला नाही. का विचारावा? घरपट्टी-पाणीपट्टी सोडली तर पैसा वरून येतो, आणि वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा कशावर खर्चायचा तेही वरूनच ठरून येतं. गावाचं सोडा, मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तर तिथं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला.

स्विस गावांची आरती ओवाळायचं मात्र कारण नाही. ॲपेन्झेल इनररोडन कँटनच्या पुरुषांनी एप्रिल १९९० मध्ये भर चौकात हात वर करून बायकांना मताधिकार नाकारला होता. त्याच वर्षी संघीय न्यायालयानं तो द्यायला लावला. स्थानिक सत्ता कधीकधी फार कोत्या मनाची असते. आमच्या सभेतही बऱ्याच खुर्च्या रिकाम्याच होत्या.

तरी बंबाचा हिशेब मागणारे ते आजोबा मला आमच्या गावात हवेत. तेव्हा काका, शिस्तीचं कौतुक पुरे. घरपट्टीची पावती खिशात घाला आणि पुढच्या ग्रामसभेला स्वतः जाऊन बसा. रजिस्टर दारात यायची वाट पाहू नका.