गालिचा लोकरीचा की नायलॉनचा?

घरात गालिचा घ्यायचे ठरले की दुकानात दोन थप्प्या समोर येतात. एका थप्पीतले गालिचे लोकरीचे आणि महाग; दुसरीतले कृत्रिम धाग्यांचे आणि बरेच स्वस्त. "अहो, दोन्ही सारखेच!" असे दुकानदार म्हणतो. पण ते सारखे नाहीत. ज्या गालिच्यावर धाकटे भावंड रांगणार आणि आजी वाती वळत बसणार, त्याची निवड नुसत्या रंगावरून कशी करावी? त्यापेक्षा धाग्यांनाच चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न, तू कोण? लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांप्रमाणेच ते केराटीन या प्रथिनाचे असतात. केराटीनचे रेणू स्प्रिंगसारखे वेटोळे घेतलेले असून गंधकाच्या अणूंनी एकमेकांशी सांधलेले असतात. त्यामुळे पायाखाली दबलेला धागा पुन्हा उठून बसतो. कृत्रिम धागे मात्र कारखान्यात जन्मले. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, तर पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये. पॉलिप्रॉपिलीन इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली बनवले. या क्षेत्रातील कामाबद्दल त्यांना व कार्ल त्सीग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घासण्याला तोंड देण्यात नायलॉन लोकरीपेक्षाही सरस आहे. स्वस्त गालिचे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि जड कपाटाखाली त्यांचे तंतू चपटे होऊन तसेच राहतात.

दुसरा प्रश्न, तू पाणी किती पितोस? हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना १० किलो कोरडी लोकर सुमारे १.६ किलो पाणी बाष्परूपाने शोषून घेते, तरीही हाताला ओली लागत नाही! तेवढेच नायलॉन सुमारे ४०० ग्रॅम पाणी घेते, तर पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच घेत नाही. मग धनगर पावसात घोंगडी पांघरून कसा उभा राहतो? लोकरीच्या तंतूवर खवल्यांचे स्निग्ध आवरण असते. त्यावरून पाण्याचा थेंब ओघळतो, पण बाष्पाचे सुटे रेणू आत शिरतात.

तिसरा प्रश्न, ठिणगी पडली तर? हा सर्वांत महत्त्वाचा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन प्रकारानुसार २२० ते २६० अंशांच्या आसपास. उदबत्तीचे पेटते टोक याहून कितीतरी तप्त असते. वितळलेला थेंब त्वचेला चिकटला की खोल भाजते. लोकर वितळत नाही. ती जळत राहण्यासाठी हवेत सुमारे २५ टक्के प्राणवायू लागतो आणि आपल्या हवेत तो २१ टक्केच आहे. म्हणून ठिणगी पडलेली जागा काळवंडते आणि बहुधा तेथेच विझते. मात्र मोठ्या आगीत लोकरही जळते, हे विसरू नका.

चौथा प्रश्न, विजेचे काय? कोरड्या थंडीत नायलॉनच्या गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या धातूच्या कडीला हात लावला की चटका बसतो. तळवे आणि गालिचा यांच्या घर्षणाने शरीरावर विद्युतभार साठतो; विभवांतर काही हजार व्होल्टपर्यंत जाते. भार अत्यल्प असल्याने ऊर्जा ज्यूलच्या एक-दोन सहस्रांशाएवढीच असते, म्हणून नुसतेच दचकायला होते. धाग्यात ओलावा असेल तर हा भार निसटून जातो. येथेही पाणी पिणारी लोकर बरी ठरते. अगदी कोरड्या हवेत मात्र तिच्यावरही भार साठतो.

आता दुकानदाराचे म्हणणे पडताळू. गालिच्याच्या कडेचा एखादा सुटा धागा मागून घ्या. साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात तो बुडवून चांगला भिजवा. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, म्हणून ते वर येऊन तरंगते. लोकर (१.३१), नायलॉन (१.१४) आणि पॉलिएस्टर (१.३८) बुडतात. दुसरा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखतच करा. धागा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटावर, मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्या. केस जळल्याचा वास आला आणि चुरडता येणारी राख उरली, तर ती लोकर. धागा आकसून वितळला आणि थंड झाल्यावर कडक मणी उरला, तर तो कृत्रिम. लोकरीसारख्या दिसणाऱ्या ॲक्रिलिकचे सोंगही येथे उघडे पडते.

मग घ्यावे काय? देवघराजवळ, रांगत्या बाळाच्या खोलीत, कोरड्या हवेच्या गावी परवडत असेल तर लोकर घ्यावी. तिला कसर लागते, म्हणून वरचेवर झटकून ऊन दाखवावे. कॉस्टिक सोड्यात ती विरघळते, तेव्हा तीव्र क्षार असलेला साबण वापरू नये. कोकणात किंवा मुंबईत, जेथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओलावतात, तेथे पाणी न पिणारा कृत्रिम गालिचाच सोयीचा. फक्त तो दिवा-उदबत्तीपासून दूर अंथरावा. त्याचे झिजलेले बारीक तंतू मात्र मातीत लवकर कुजत नाहीत, लोकर कुजते.

तुमच्या घरी सतरंजी, घोंगडी, पायपुसणे, काही ना काही असेलच. त्यांचा एकेक सुटा धागा घ्या आणि कोणता तरंगतो, कोणता बुडतो, पाहा बरे!