कोडने केलेली पीपीटी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा तहसिलीत मलाजखंडची तांब्याची खाण आहे. समजा, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला या खाणीवर मराठीत पीपीटी करायची आहे. ‘एआयला सांग, तो कोड लिहून देईल’ हा सल्ला चुकीचा नाही. मात्र त्याबरोबर काही गैरसमजही येतात.

गैरसमज १: कोडने स्लाइड करायला प्रोग्रामिंग यावं लागतं.
वस्तुस्थिती: मार्पसारख्या साधनाला मार्कडाउनमधला मजकूर पुरतो. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही लेखनपद्धत नोटपॅडमध्येही लिहिता येते. ओळीआधी # म्हणजे शीर्षक, स्वतंत्र ओळीवर --- म्हणजे नवी स्लाइड. रंग आणि फॉन्ट यांची व्यवस्था वेगळी राहते, त्यामुळे सगळ्या स्लाइडचा फॉन्ट एका ओळीत बदलतो. रिव्हील.जेएस किंवा स्लाइडेव्ह या वेब-स्लाइडच्या साधनांत खास करामती करायच्या असतील तरच खरा कोड लागतो. तिथे एआय असिस्टंट कामाला येतो.

गैरसमज २: तयार फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडून हवी तशी दुरुस्त करता येते.
वस्तुस्थिती: ते साधनावर अवलंबून आहे. मार्पने नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या पीपीटीएक्स फाइलमध्ये प्रत्येक स्लाइड म्हणजे एक चित्र असतं. त्यातलं एक अक्षरही खोडता येत नाही, दुरुस्ती मूळ मजकुरातच करावी लागते. पॅनडॉक किंवा पायथन-पीपीटीएक्स ही साधनं वापरली तर मजकूर बदलता येतो. सरांना फाइलमध्ये फेरफार करायचे असतील, तर हे असिस्टंटला सुरुवातीलाच सांगावं.

गैरसमज ३: युनिकोड वापरलं की मराठी आपोआप नीट दिसते.
वस्तुस्थिती: अक्षरं उमटतात, पण हव्या त्या रूपात उमटतीलच असं नाही. पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये रोमन आणि देवनागरी यांच्या फॉन्टची नोंद वेगवेगळ्या जागी होते. पायथन-पीपीटीएक्सला फॉन्टचं नाव दिलं की ते फक्त रोमनच्या जागी जातं. देवनागरी दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसू शकते. वेब-स्लाइडमध्ये भाषेची खूणही महत्त्वाची. देवनागरी पाहून असिस्टंटने ‘हिंदी’ अशी खूण केली, तर मराठी रूपांची सोय असलेल्या फॉन्टमध्येही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ‘भाषा मराठी’ असं स्पष्ट लिहून द्यावं.

गैरसमज ४: नेट नसेल तर अशा स्लाइड दाखवता येत नाहीत.
वस्तुस्थिती: नेट लागतं ते बहुतेक असिस्टंटना. तयार स्लाइड ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात, फक्त फॉन्ट, चित्रं आणि लागणाऱ्या बाकी फाइली त्याच फोल्डरमध्ये हव्यात. असिस्टंटने गुगल फॉन्ट्सचा दुवा टाकला असेल, तर नेटशिवाय स्लाइड उघडल्यावर अक्षरांचं वळण बदलू शकतं. पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेवावी. तिच्यात सहसा फॉन्ट सामावलेले असतात.

गैरसमज ५: कोड चालला म्हणजे काम बरोबर झालं.
वस्तुस्थिती: असिस्टंट कोड लिहितो, पण पडद्यावर काय उमटलं ते त्याने पाहिलेलं असेलच असं नाही. लांब मराठी वाक्य चौकटीबाहेर गेलं, तरी तो ‘झालं’ म्हणू शकतो. मजकुराच्या बाबतीत तर त्याहून जपायला हवं. ‘बिरसा’ एवढंच सांगितलं, तर तहसिलीऐवजी उलिहातूत १८७५ मध्ये जन्मलेल्या बिरसा मुंडांची माहिती येऊ शकते. ही खाण चालवणारी हिंदुस्तान कॉपर कंपनी १९६७ ची, मलाजखंड प्रकल्प १९८२ चा. ही दोन वर्षं एकमेकांच्या जागी गेली तरी स्लाइड तक्रार करत नाही.

कोडमध्ये चूक असेल तर अनेकदा फाइल तयारच होत नाही. सनावळीत चूक असेल तर स्लाइड तितकीच देखणी दिसते. म्हणून खाणीचा प्रत्येक आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालाशी ताडून पाहावा आणि अहवालाचं नाव व वर्ष त्याच स्लाइडवर लिहावं.