इंग्रजी सुधारावी कशी? – एका जर्मन पाहुण्याच्या वहीवरून

विद्यार्थिमित्रहो, परभाषा बोलताना चुका व्हावयाच्याच. परंतु त्या चुका आभाळातून पडत नाहीत. त्या आपल्याच घरातून, आपल्याच मातृभाषेच्या सवयींतून येतात. ही गोष्ट आम्हांस व्याकरणाच्या पुस्तकाने जितकी पटविली नाही, तितकी एका जर्मन पाहुण्याने नकळत पटवून दिली.

मालनपूरच्या एका कारखान्यात यंत्रे बसविण्यासाठी हा अभियंता आला होता आणि ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात एका मराठी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर राहत होता. त्या घरातील मुलांच्या आग्रहावरून आम्ही काही विद्यार्थ्यांसह त्यास भेटावयास गेलो. गोरा माणूस म्हणजे इंग्रजीचा पंडित, असा मुलांचा समज. वर्गात इंग्रजीच्या लेखी परीक्षेत नेहमी पहिली येणारी एक मुलगी तर त्याच्यासमोर तोंडातून एक शब्द काढीना. तेवढ्यात पाहुणाच म्हणाला, ‘आय अ‍ॅम इन ग्वाल्हेर सिन्स टू वीक्स.’ आम्हांस हसू आले. पण ते उपहासाचे नव्हे, ओळखीचे. हीच चूक आम्ही वर्षानुवर्षे मुलांच्या वह्यांत तांबड्या शाईने दुरुस्त करीत आलो आहोत!

ही एकच चूक दोघांच्या हातून का व्हावी? आपण मराठीत म्हणतो, ‘मी दोन आठवड्यांपासून ग्वाल्हेरीत आहे.’ क्रियापद वर्तमानकाळी. जर्मन मनुष्यही आपल्या भाषेत ‘झाइट’ हा शब्द वापरून वर्तमानकाळच योजतो. इंग्रजी भाषा मात्र असा विचार करते, की राहण्यास आरंभ मागे झाला आणि त्याचा धागा आजपर्यंत पोहोचला. म्हणून ती ‘आय हॅव बीन इन ग्वाल्हेर’ असे म्हणते. पुढे कालावधी सांगावयाचा असेल तर ‘फॉर टू वीक्स’, आणि आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तर ‘सिन्स मंडे’. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे ‘सिन्स’ व ‘फॉर’ ह्यांचा घोटाळा कायमचा मिटतो.

अशी आणखीही जुळी भावंडे आहेत. ‘आज सकाळी’ ह्याचे आपण ‘टुडे मॉर्निंग’ करतो. जर्मन माणूसही ‘हॉयटे मॉर्गेन’चे तेच करतो. इंग्रज मात्र ‘धिस मॉर्निंग’ म्हणतो. ‘सहलीविषयी चर्चा केली’ ह्यातील ‘विषयी’ आपणांस सोडवत नाही आणि आपण ‘डिस्कस्ड अबाउट द ट्रिप’ असे लिहितो. जर्मन भाषेतही त्या क्रियापदास असेच एक शब्दयोगी अव्यय जोडलेले असते. इंग्रजीत ‘डिस्कस’ ह्या क्रियापदास ‘अबाउट’ लागत नाही. ‘वुई डिस्कस्ड द ट्रिप’ एवढे पुरे.

काही बाबतींत मात्र दोघांच्या वाटा निराळ्या. जर्मन भाषेत उपपदे आहेत, तीही तीन लिंगांची. त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ ही त्यास परकी वाटत नाहीत. उलट नको तेथे, जसे निसर्ग ह्या अर्थाच्या ‘नेचर’ शब्दापूर्वी, तो ‘द’ घालून बसतो. मराठीत उपपदच नसल्यामुळे आपण हवे तेथेही ते गाळतो आणि ‘आय बॉट पेन’ असे सरळ सांगून टाकतो. उलटपक्षी ‘उसने देणे’ व ‘उसने घेणे’ हा भेद आपल्या भाषेत स्पष्ट असल्याने ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ ह्यांत आपण थोडे विचारपूर्वक चाललो तर फसत नाही. जर्मनास मात्र दोन्हींकरिता ‘लाइएन’ हे एकच क्रियापद, म्हणून तो अडखळतो.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा फसवेपणा तर मोठा मौजेचा. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष! ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे. तेव्हा इंग्रजी ‘बिकम’ हा त्याच अर्थाचा शब्द समजून एखादा जर्मन उपाहारगृहात बसून, आपण अमुक पदार्थ ‘मिळवू इच्छितो’ असे म्हणण्याऐवजी आपण तो पदार्थ ‘होऊ इच्छितो’ असे बोलून जातो. ह्यावर हसण्यापूर्वी आपण आपल्या तोंडी बसलेल्या इंग्रजी शब्दांकडे पाहावे. आपले ‘हॉटेल’ म्हणजे चहाभज्यांचे दुकान. इंग्रजाचे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपली ‘लाइट’ जाते; इंग्रजाची ‘पॉवर’ जाते. मराठीत मुरलेला इंग्रजी शब्द हा मराठी शब्द झालेला असतो. इंग्रजीत तो परत नेताना त्याचा अर्थ पुन्हा तपासून घ्यावा.

उच्चारांचेही तसेच. जर्मन मनुष्य इंग्रजी ‘थिंक’चा ‘सिंक’ करतो. त्यामुळे ‘मी विचार करीत आहे’ असे सांगताना तो ‘मी बुडत आहे’ असे सांगून जातो. आपण तेथे मराठी ‘थ’ उच्चारतो. खरा उच्चार दोघांनाही शिकावा लागतो: जिभेचे टोक दातांच्या मध्ये किंचित आणून हवा अडविल्यावाचून सोडावी. ‘वुई’ आणि ‘व्हेरी’ ह्या शब्दांच्या आरंभीचे ध्वनी निराळे आहेत. पहिल्यात ओठांचा चंबू, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. देवनागरीत आपण ‘व’ आणि ‘व्ह’ असे लिहून हा भेद दाखवितो, पण बोलताना विसरतो. त्यातून आम्ही ग्वाल्हेरकर! घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. त्यामुळे कोणा कोणाच्या ‘स्कूल’ला आरंभीच एक ‘इ’ चिकटून त्याचे ‘इस्कूल’ होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. व्यवहारातील इंग्रजी आणि औपचारिक इंग्रजी ह्यांत भेद कोणता आणि तो कोठून आला? ह्याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजी आणि जर्मन ह्या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी खऱ्या. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या उत्तर जर्मनी व डेन्मार्क ह्या भागांतून अँगल, सॅक्सन इत्यादी टोळ्या ब्रिटनमध्ये गेल्या. त्यांची बोली हीच इंग्रजीची जननी. म्हणूनच ‘हाउस’ दोन्ही भाषांत ‘हाउस’ आहे आणि ‘वॉटर’ तिकडे ‘व्हासर’. पुढे १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच भाषा आली. शेतकऱ्याच्या तोंडी मेंढीचे नाव ‘शीप’ असे जुनेच राहिले. पण श्रीमंतांच्या ताटात तिचे ‘मटन’ झाले, कारण तो शब्द फ्रेंच. अशा रीतीने इंग्रजीत एकाच अर्थाच्या शब्दांच्या जोड्या जमल्या: ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’, ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’. पहिला घरचा, दुसरा दरबारी.

मराठी वाचकास ह्यात नवल वाटू नये. आपणही पितो ते ‘पाणी’ आणि अर्घ्य देतो ते ‘जल’. जातो ‘देवळात’, पण निमंत्रणपत्रिकेत लिहितो ‘मंदिर’. प्रसंग पाहून शब्द निवडणे हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. अडचण एवढीच, की आपण इंग्रजी पुस्तकातून शिकतो. त्यामुळे दरबारी शब्द आधी येतात आणि घरगुती शब्द मागाहून, किंवा येतच नाहीत. ‘पोस्टपोन’ ठाऊक असते, ‘पुट ऑफ’ नसते. जर्मन पाहुण्याची स्थिती नेमकी उलट: घरगुती शब्द त्यास नात्याचे वाटतात, पण वाक्याची रचना तो लांबवीत नेतो.

औपचारिक इंग्रजी म्हणजे जड शब्दांची रास, हा समजही सोडून दिला पाहिजे. ‘आय बेग टू स्टेट’, ‘कायंडली डू द नीडफुल’ ही वाक्ये जुन्या कचेऱ्यांतील दप्तरांबरोबर ठेवून द्यावी. उत्तम औपचारिक पत्रात पहिल्याच वाक्यात हेतू असतो, एका परिच्छेदात एकच मुद्दा असतो आणि मागणी स्पष्ट परंतु नम्र असते. ब्रिटिश प्रघाताप्रमाणे ‘डिअर सर’ने आरंभ केलेल्या पत्राचा शेवट ‘युअर्स फेथफुली’ने, आणि नाव घालून आरंभ केलेल्याचा ‘युअर्स सिन्सिअरली’ने करावा.

नम्रतेचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आपल्यापाशी ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेत. जर्मनांपाशी ‘डू’ आणि ‘झी’ आहेत. इंग्रजीत पूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद होता. तो व्यवहारातून लोपला आणि सर्वांस एक ‘यू’ उरला. मग आदर कोठे गेला? तो क्रियापदाच्या आसऱ्यास गेला. ‘गुरुजी, पुस्तक द्या’ ह्या वाक्यात ‘द्या’मध्येच आदर आहे, पण त्याचे ‘गिव्ह मी द बुक’ केले की हुकूम होतो. तेथे ‘कुड यू प्लीज गिव्ह मी द बुक?’ असेच म्हटले पाहिजे. कित्येक सुशील मुले इंग्रजीत उद्धट वाटतात ती मनाने उद्धट असतात म्हणून नव्हे, तर त्यांचा आदर भाषांतरात वाटेवर सांडतो म्हणून. मुलाखतीस बसणाऱ्या तरुणास ह्या एका गोष्टीची मोठी किंमत द्यावी लागते.

परभाषेत प्रावीण्य मिळणे अशक्य नाही, ह्याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. मार्टिन हाउग हे जर्मन विद्वान १८५९ मध्ये पुण्यास संस्कृतचे अध्यापक म्हणून आले. त्यांचा पारशी धर्मग्रंथांवरील इंग्रजी ग्रंथ १८६२ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला. गेओर्ग ब्यूलर १८६३ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. मनुस्मृतीचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८८६ मध्ये निघाले. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. त्यांनी संस्कृतचे व्याकरण इंग्रजीत लिहिले. ह्या तिघांचीही मातृभाषा जर्मन, शिकविण्याचा विषय संस्कृत आणि लेखनाची भाषा इंग्रजी! आणि परभाषा आली म्हणजे स्वभाषा जाते असेही नाही. ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले. ते हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले.

मग आपण करावे काय? आमच्या जर्मन पाहुण्याने आपली वही दाखविली, तीच पद्धत आम्ही सांगतो. प्रत्येक उघड्या जोडपानाच्या डाव्या बाजूस तो ऐकलेले बोलीतील वाक्य लिही आणि उजव्या बाजूस तोच आशय पत्रात कसा येईल ते. डावीकडे ‘कॅन यू कम अ बिट अर्ली?’, उजवीकडे ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड अराइव्ह अर्लिअर.’ वहीच्या शेवटी त्याने स्वतःच्या वारंवार होणाऱ्या चुकांची यादी केली होती. पत्र पाठविण्यापूर्वी तो ती यादी समोर ठेवी. ह्यास आम्ही दोन गोष्टी जोडतो. रोज दहा मिनिटे इंग्रजी मोठ्याने वाचावे, आणि आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्या लक्षपूर्वक ऐकाव्या. ग्वाल्हेर हे गायकीचे गाव. गुरूचा स्वर कानात बसल्यावाचून शिष्याचा गळा फिरत नाही, हे येथे कोणास सांगावयास नको. भाषेचेही तसेच आहे.

त्या दिवशी निघताना पाहुण्याने यादीतील पहिली ओळ आम्हांस दाखविली. तेथे ‘सिन्स’ हाच शब्द होता, आणि त्याखाली तीन वेळा रेघ ओढलेली! तो म्हणाला, ‘ठाऊक असूनही तोंडातून निघतोच.’ तेव्हा इतका वेळ मुकी बसलेली ती मुलगी प्रथमच बोलली. तिने त्याचे वाक्य हळूच दुरुस्त करून सांगितले. त्याने आभार मानले. आणि मग जाण्याच्या वेळेपर्यंत तिचे बोलणे थांबले नाही. मधून मधून ती चुकली, पण कोणी हसले नाही.

मित्रहो, चुकीला हसणारा वर्ग मुक्या विद्वानांची पैदास करतो. चूक दाखवून देणारा वर्ग बोलती माणसे घडवितो. आपला वर्ग कोणता असावा, हे आपल्याच हाती आहे.