उरलेल्या द्राक्षांची वाइन होत नाही

इंदापूर-बारामतीकडे द्राक्षाचा भाव पडला की एक सल्ला हमखास मिळतो: राहिलेला माल वाइनरीला घाला. खुद्द इटालियन माणसे नीरेपलीकडे अकलूजच्या शिवारात वाइन करतात, मग आपल्या खाण्याच्या थॉमसन द्राक्षाने काय घोडे मारले आहे? सल्ला मनापासून दिलेला असतो, पण त्यात गृहीत धरलेले असते की वाइन म्हणजे कुठल्याही द्राक्षाचा आंबवलेला रस. काळ्या द्राक्षाचा एक मणी चिमटीत दाबून पाहा. रस जवळजवळ पाण्यासारखा निघतो, रंग सालीत राहतो. तांबड्या वाइनचा रंग कोणी वरून घातलेला नसतो. रस सालींसकट आंबवला की तो उतरतो, आणि तुरटपणा, वास यांचा मोठा वाटाही सालीतूनच येतो. म्हणून वाइनला बारीक, जाड सालीचा, बियांचा मणी हवा. खाण्याच्या बागेत नेमके उलटे चालते. तिथे जीए (जिबरेलिक आम्ल) देऊन मणी फुगवायचा, साल पातळ हवी, बी नको, आणि १८ मिलिमीटरच्या पुढे फुगवण गेली की व्यापारी खूश. म्हणजे चांगल्या बागायतदाराने जे वर्षभर साधले, तेच वाइनसाठी अडचणीचे ठरते. थॉमसन आंबतच नाही असे नाही. आंबते, दारूही होते, पण पातळ आणि बेचव.

यावर कोणी म्हणेल, मग जात बदला, माल तेवढाच काढा. तेही जमत नाही. इटलीतल्या कियांती क्लासिको भागात हेक्टरी साडेसात टनांवर द्राक्ष घ्यायला कायद्यानेच मनाई आहे, म्हणजे एकरी जेमतेम तीन टन. एवढ्या उत्पन्नात आपल्याकडचा हिशेब खाण्याच्या भावाने बसणार नाही. तो बसवायचा तर लागवडीआधीच वाइनरीशी करार हवा.

दुसरा गैरसमज जुन्या नावांचा. कियांतीतला ब्रोलिओ किल्ला ११४१पासून रिकासोली घराण्याकडे आहे. त्याच घराण्यातल्या, इटलीचे पंतप्रधान राहिलेल्या बेत्तिनो रिकासोलींनी १८७२ मध्ये एका पत्रात मिश्रण लिहून ठेवले: सांजोव्हेझे मुख्य, मऊपणाला कनायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनला माल्व्हाझिया हे पांढरे द्राक्ष. एवढ्या जुन्या ठिकाणीही सगळी वाइन वर्षानुवर्षे मुरवण्यासाठी नव्हती. पुढे २००६पासून कियांती क्लासिकोत पांढरे द्राक्ष घालणेच बंद झाले. परंपरेची पाककृती दगडावर कोरलेली असते, हा आपला भाबडेपणा.

अकलूजच्या फ्रातेल्ली वाइनरीची ‘सेत्ते’ ही वाइन याच सांजोव्हेझेत काबर्ने सोव्हिन्यों मिसळून केलेली आहे. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेत्ते म्हणजे सात: मोहिते-पाटील, सेखरी आणि सेक्की या भावांच्या तीन जोड्या आणि तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. पण जात तीच म्हणून चव तीच, असेही नाही. तिकडे वेल थंडीत झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. इथे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसानंतरची गोडी छाटणी करून त्याला वळण लावायचे, नि तोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे ‘अगदी कियांतीसारखी’ हे कौतुक अकलूजच्या वाइनला लागू पडत नाही, आणि त्यात अकलूजचे काही उणेही होत नाही.